बायपासनंतरचं दुखणं, उडालेली झोप आणि गोळ्यांचा त्रास: घरी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे, मधुमेह आहे. पुण्यात बायपास होऊन तीन आठवडे झाले, आता गावी घरी आहेत. टाके सुकलेत. पण छातीची डावी बाजू भाजल्यासारखी होते, शर्टसुद्धा सहन होत नाही. पाठ वरच्या बाजूला भरून येते, कोरडा खोकला आहे, रात्री दोननंतर झोप नाही आणि लागलीच तर वाईट स्वप्नं पडतात. उठलं की गरगरतं, पोट साफ होत नाही. दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी जाते असं शेजारच्यांनी सांगितल्यापासून त्यांनी त्या बंद केल्यात. तुम्ही विचारलंय की एवढ्या गोळ्यांतल्या काही कमी करता येतील का, झोपेची एखादी गोळी द्यावी का, आणि अर्जुनसालीचा काढा चालेल का.

हृदयाच्या ऑपरेशननंतर घरी गेलेल्या रुग्णांची देखभाल हेच माझं रोजचं काम आहे. आधी उत्तर सांगते, मग कारणं. दुखण्याची योग्य गोळी घड्याळ लावून द्या. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका. हृदयाची कुठलीही गोळी घरच्या घरी बंद करू नका. पण डॉक्टरांना मात्र याच आठवड्यात फोन करा, कारण तुम्ही लिहिलेल्या त्रासांपैकी बरेचसे गोळीची वेळ बदलून किंवा एका गोळीऐवजी दुसरी देऊन जाण्यासारखे आहेत. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बाबा गप्प राहून सोसतायत याची. या ऑपरेशननंतर सोसण्याने काहीही लवकर बरं होत नाही, उलट लांबतं.

का, ते सांगते. बायपाससाठी छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत उभं कापतात आणि काम झालं की स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात. हे हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं मजबूत व्हायला तीन महिने. मोडलेला हात प्लास्टरमध्ये ठेवून त्याला विश्रांती देता येते, छातीला ती सोय नाही. प्रत्येक श्वासाबरोबर ती हलणारच. दुखतंय म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला आतल्या आत दाबतो. मग फुप्फुसाचा खालचा भाग, विशेषतः डावीकडचा, नीट उघडत नाही, कफ साचतो, ताप येतो, प्रसंगी न्यूमोनिया होतो. दुखतंय म्हणून चालणं होत नाही, चालणं नाही म्हणून भूक नाही, पोट साफ नाही, रात्री झोप नाही. आणि झोप नसली की तेच दुखणं दुसऱ्या दिवशी दुप्पट वाटतं. तेव्हा दुखणं कमी ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे, लाड नव्हेत, हे बाबांना आधी पटवा.

आता किडनीचं. शेजाऱ्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे आणि ते निम्मं फार महत्त्वाचं आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब या गटातल्या अंगदुखीच्या गोळ्या बायपासनंतर घ्यायच्या नाहीत. त्या अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतात, आणि तुम्ही पाठवलेल्या बाबांच्या औषधांच्या चिठ्ठीवर रामिप्रिल (रक्तदाबाची गोळी) आणि लघवीची गोळी दोन्ही आहेत, त्यांच्या जोडीला ही तिसरी आली की किडनीवर खरोखरच ताण येतो. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातही आडवं येऊ शकतं. अमेरिकेत बायपासच्या वेळी आणि त्यानंतर लगेच या गटातली औषधं वापरू नयेत असा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात छापलेला असतो. याच गटातलं वाल्डेकॉक्सिब नावाचं औषध २००५ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. बायपास झालेल्या रुग्णांवरच्या चाचण्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसले, हे त्यामागचं एक मोठं कारण. त्यामुळे मेडिकलमध्ये जाऊन 'अंगदुखीची एखादी द्या' असं कुणीही मागू नका. तिथे बहुधा याच गटातली गोळी हातात पडते, आणि तिच्या नावात 'पॅरा' असलं तरी आत बरोबर दुसरं काही मिसळलेलं असतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा.

साधी पॅरासिटामॉल या गटात बसत नाही. ठरलेल्या मात्रेत ती किडनी खराब करत नाही. यकृताचा आजार नसेल आणि दारू चालू नसेल, तर ६५० मिलिग्रॅमची एक गोळी दिवसातून तीन वेळा हे बहुतेकांना चालतं. तुमच्या चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलीही एक गोळी दिसते, 'दुखलं तर' म्हणून. तिच्यात ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, ते हिशेबात धरा. तीन साध्या आणि दोन एकत्र अशा मिळून दिवसाचे २६०० मिलिग्रॅम होतात, ते ठीक आहे. या वयात ३००० च्या वर जाऊ नका.

आणि गोळी कधी द्यायची? दुखून दुखून कळवळल्यावर नाही. तेव्हा दिलेली गोळी उशिरा आणि अर्धवट लागू पडते. सकाळी उठल्यावर चहा-नाश्त्याबरोबर एक, दुपारी एक, आणि झोपायच्या तासभर आधी एक. चालायला किंवा श्वासाचे व्यायाम करायला निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी पोटात असली की व्यायाम नीट होतो. असं आठ-दहा दिवस नेमाने करा, मग दुपारची आधी बंद होईल, रात्रीची सर्वांत शेवटी. ट्रॅमाडॉलने गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं, म्हणून ती फक्त जास्त दुखेल त्या रात्री, आणि लवकरात लवकर सुटावी या बेताने.

डाव्या छातीची आग मात्र हाडाची नव्हे. डिस्चार्ज कार्डवर 'लिमा टू एलएडी' असं काहीसं लिहिलेलं असेल. छातीच्या भिंतीच्या आतल्या बाजूने त्या मधल्या हाडाला लागून एक रक्तवाहिनी उतरते, ती सोडवून हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडतात. हा जोड वर्षानुवर्षं टिकतो म्हणून जमेल तिथे तोच करतात. पण ती रक्तवाहिनी सोडवताना आणि बरगड्या फाकवून धरताना मधल्या बारीक नसा दुखावतात. म्हणून एक चमत्कारिक प्रकार होतो: बोटाने दाबलं तर तिथे बधिर लागतं आणि कापड घासलं तर चटका बसतो. घाबरण्यासारखं यात काही नाही. बहुतेकांची आग काही महिन्यांत ओसरते, थोडा बधिरपणा वर्षभरही राहतो. पायाची शीर काढली असेल तर घोट्याच्या आतल्या बाजूला असाच बधिरपणा येतो, कारण तिथली नस त्या शिरेला चिकटूनच जाते.

या आगीला पॅरासिटामॉल फारसं पुरत नाही. घरी करण्यासारखं असं की जुना, धुऊन मऊ झालेला सुती बनियन उलटा घालायचा, शिवण बाहेर येईल असा, आणि त्यावर शर्ट. खसखशीत टॉवेलने पुसण्याऐवजी टिपायचं. दिवसातून दोन-तीनदा जखमेपासून दूर, दुखऱ्या भागावरून तळहात हलकेच फिरवायचा. त्वचेला हळूहळू स्पर्शाची सवय होते. एवढ्याने भागत नसेल तर नसांच्या दुखण्यावर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनसारखं औषध असतं, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. त्याने झोप येते, तोल जातो, पायावर सूजही येऊ शकते, आणि मग ती सूज औषधाची की हृदयाची हा घोळ होतो. मधुमेहामुळे किडनी थोडी जरी कमी काम करत असेल तरी मात्रा कमी ठेवावी लागते. आणि एक कळकळीचं सांगणं: बधिर छातीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो. पाठीला शेक चालेल, तोही आधी तुमच्या हाताला सोसेल इतपत.

पाठ भरून येते ती बरगड्या फाकवल्यामुळे, आणि त्याहून जास्त त्यानंतरच्या चालण्या-बसण्यामुळे. जखम जपायची म्हणून माणूस खांदे आवळून पुढे वाकून वावरतो. खांदे हळूच गोल फिरवणं, मान सावकाश दोन्हीकडे वळवणं, भिंतीला पाठ टेकून सरळ उभं राहणं, हे दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटं करायला हरकत नाही. छातीला ताण बसेल असे हात मागे नेऊ नयेत.

उठवण्याची पद्धत बघा. घरोघरी एकच चित्र दिसतं: मुलगा बगलेत हात घालतो किंवा दोन्ही हात धरतो आणि 'हं, उठा' म्हणत ओढतो. ती ओढ थेट त्या कापलेल्या हाडावर येते. त्याऐवजी बाबांनी गुडघे दुमडायचे, उशी छातीशी कवटाळायची, आणि खांदा-कंबर एकदम फिरवून कुशीवर यायचं. मग पाय पलंगाखाली सोडायचे. पायांच्या वजनानेच अंग वर यायला लागतं. तुम्ही फक्त खांद्यामागे हात ठेवून आधार द्या, ओढू नका. कडेला बसल्यावर मिनिटभर थांबायचं, मगच उभं राहायचं. खोकताना, शिंकताना, हसतानासुद्धा ती उशी छातीशी घट्ट धरायची. जमिनीवरचं बसणं, जमिनीवर जेवणं आणि उकिडवं बसायचा संडास तीन महिने नको. कमोडची प्लास्टिक खुर्ची भाड्याने किंवा विकत मिळते. भरलेली बादली, पाण्याची घागर, नातवंड, गॅसची टाकी, यातलं काहीही उचलायचं नाही.

आता खोकला, कारण माझ्या मते तुमच्या घरातल्या बऱ्याच त्रासाचं मूळ तिथे आहे. रामिप्रिलने काही जणांना कोरडा, घशात खवखव होऊन येणारा खोकला होतो. आपल्याकडच्या लोकांत तो बराच दिसतो. एरवी तो नुसता कटकटीचा. पण तीन आठवड्यांपूर्वी छाती उघडलेल्या माणसाला प्रत्येक उबळीला हाडातून कळ जाते, रात्री त्याच कळेने जाग येते, आणि घरच्यांना वाटतं की ऑपरेशनचंच दुखतंय. यावर उपाय सोपा असतो. डॉक्टर रामिप्रिल थांबवून तेच काम करणारी टेल्मिसार्टनसारखी गोळी देतात. खोकला लगेच जात नाही, एक ते चार आठवड्यांत ओसरतो. तोवर खोकल्याची बाटली आणून पाजू नका. काहींमध्ये नाडी आणि रक्तदाब वाढवणारी औषधं असतात.

पण फोन करायच्या आधी एक गोष्ट तपासा. आडवं झालं की खोकला वाढतो का? दोन उशांच्या तीन लागायला लागल्या का? धाप लागते का? वजन एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंच्या वर गेलं का? तसं असेल तर खोकला गोळीचा नसून छातीत पाणी साठल्याचा असू शकतो. बायपासनंतर डाव्या फुप्फुसाभोवती थोडं पाणी साठणं विशेष दुर्मीळ नाही. तालुक्याच्या ठिकाणी छातीचा एक्स-रे काढून तो डॉक्टरांना पाठवा. वजनाचा काटा नसेल तर आजच आणा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच कपड्यांत वजन करायचं आणि वहीत लिहायचं. माझ्या दृष्टीने घरातलं ते सर्वांत उपयोगी यंत्र आहे.

झोपेकडे येते. पहिले काही आठवडे झोप मोडकीतोडकीच असते. आयसीयूत दिवसरात्रीचं भान सुटलेलं असतं, उताणं झोपायची सवय नसते, घाम येतो. अनेक रुग्णांना आयसीयूत भास झालेले असतात: भिंतीवर मुंग्या दिसल्या, नर्स आपल्याविरुद्ध कट करतायत असं वाटलं. हे ते घरी कुणाला सांगत नाहीत, वेड लागलं म्हणतील या भीतीने. आणि मग डोळे मिटायचीच धास्ती बसते. तुम्ही सरळ विचारा, 'दवाखान्यात काही विचित्र दिसलं होतं का?' ऑपरेशन, भूल, औषधं आणि जागरण यांनी मेंदू काही दिवस गोंधळतो, हे सांगितलं की माणूस मोकळा होतो. माझा अनुभव असा की बोलून झाल्यावर त्या रात्रीपासूनच फरक पडतो, निदान काही जणांना.

वाईट स्वप्नांचं दुसरं कारण त्यांच्या चिठ्ठीवर आहे: मेटोप्रोलॉल. नाडी आवरायला आणि ऑपरेशननंतर ठोका बिघडू नये म्हणून हे औषध फार महत्त्वाचं आहे, पण ते मेंदूत शिरतं आणि काही जणांना अगदी जिवंत वाटावीत अशी स्वप्नं पाडतं. ती रात्रीऐवजी सकाळी घेता येईल का, किंवा बिसोप्रोलॉलसारखी त्याच गटातली दुसरी चालेल का, हे विचारा. एकाएकी बंद मात्र अजिबात नको. हे औषध अचानक सोडलं की नाडी उसळते, छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. थकवा, हात-पाय गार पडणं, जिना चढताना जोर न मिळणं हेही त्याच गोळीचं असू शकतं. पुरुषांना लैंगिक अडचणही येऊ शकते, ती बाबा मुलीला सांगणार नाहीत. डॉक्टरांशी एकट्याने बोलायला त्यांना पाच मिनिटं द्या. मात्र त्यासाठी मित्राने दिलेली गोळी घेऊ नये हे त्यांना कळलंच पाहिजे. नायट्रेटची, म्हणजे जिभेखालची गोळी आणि ती, दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली नेतात.

आणि दोन वाजता जाग का येते? तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीवर लघवीच्या गोळीपुढे १–०–१ लिहिलंय, आणि तुम्ही लिहिताय की रात्रीच्या सगळ्या गोळ्या जेवणानंतर नऊला एकदम देता. मग रात्री चार वेळा उठणं आलंच. प्रत्येक वेळी उठताना छाती दुखते, अंधारात गरगरतं, आणि मग झोप उडते ती उडतेच. दुसरा डोस दुपारी चारच्या सुमारास द्यायला चालेल का, एवढं फोनवर विचारा. बहुतेक वेळा डॉक्टर लगेच हो म्हणतात. चिठ्ठीत तो डोस रात्रीच्या खणात पडला तो केवळ लिहिण्याच्या सवयीने.

तिसरी गोष्ट साखरेची. बाबा निम्मंच जेवतायत, पण ग्लिमेपिराइड ही साखरेची गोळी पूर्वीच्याच मात्रेत चालू आहे. रात्री साखर खाली गेली की जाग येते, अंग घामाने भिजतं, डोकं दुखतं. एरवी धडधडून कळतं. मेटोप्रोलॉल चालू असताना धडधड दबते, घाम मात्र येतोच. दोन-तीन रात्री जाग आल्याबरोबर ग्लुकोमीटरवर साखर बघा. ७० च्या खाली असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, आणि सकाळी डॉक्टरांना सांगून गोळी कमी करून घ्या.

हे सगळं आधी निस्तरा, मग झोपेच्या गोळीचा विचार. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम गावात सहज मिळते म्हणून साधी समजू नका. या वयात त्यांनी तोल जातो, रात्री संडासला जाताना माणूस पडतो, गोंधळतो; ट्रॅमाडॉलबरोबर घेतली तर श्वास मंदावतो. घोरता घोरता श्वास थांबत असेल तर ती फारच धोक्याची. ऑपरेशनच्या आधीपासून बाबा मोठ्याने घोरतात का, हे आईला विचारा आणि डॉक्टरांना सांगा. झोपायला पाठीमागे उशा रचून किंवा पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून तीस-चाळीस अंशांचा उतार करा, गुडघ्यांखाली एक उशी, दोन्ही हातांखाली एकेक. आरामखुर्चीत झोप लागत असेल तर पहिले काही आठवडे खुशाल तिथे झोपू द्या, फक्त पाय वर ठेवून. कुशीवर झोपायचं कधी, ते सर्जनला विचारा. चार-सहा आठवड्यांनी बरेच जण परवानगी देतात. दुपारची झोप अर्धा तास, तीनच्या आत. सकाळी कोवळ्या उन्हात ओट्यावर बसू दे. आणि भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळी सातनंतर नम्रपणे नाही म्हणा. नऊ-नऊ वाजेपर्यंत पाहुणे, टीव्ही आणि 'माझ्या मेहुण्याचं असंच झालं होतं' च्या गोष्टी चालू असतील तर झोप कुठून येणार?

गरगरण्यासाठी रक्तदाब बसून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त पडत असेल तर ते आकडे तसेच डॉक्टरांना कळवा. लघवीची गोळी, रामिप्रिल, मेटोप्रोलॉल आणि कमी झालेलं खाणं-पिणं हे सगळं एकत्र आलं की असं होतं, आणि पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लघवीच्या गोळीची गरजच कमी झालेली असते. हिमोग्लोबिनही बघा, ऑपरेशननंतर ते उतरलेलं असतं. बाबांची लघवीची गोळी म्हणजे फ्युरोसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र आहे. यातलं दुसरं औषध अंगात पोटॅशियम साठवतं, रामिप्रिलही साठवतं. अशा वेळी रोज भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. मनापासून आणलेलं असतं हे मला कळतं, पण रक्ताचा रिपोर्ट बघेपर्यंत शहाळी शेजारच्या मुलांना द्या. 'कमी सोडियम' म्हणून विकलं जाणारं मीठही नको, त्यात पोटॅशियमच असतं. स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांच्या छातीला कधी गाठीसारखी दुखरी सूज येते. आली तर लपवू नये, त्यालाही दुसरी गोळी आहे.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलने हाता-पायावर निळे डाग पडतात, हिरड्यांतून थोडं रक्त येतं. तेवढं चालतं. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच मात्र त्याच दिवशी दाखवायची. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते. दात काढायचा म्हणून, उपास म्हणून, गोळ्या संपल्या म्हणून या दोन गोळ्यांत खंड पडता कामा नये; नवीन जोड बंद पडू नयेत म्हणूनच त्या आहेत. ॲटोरव्हास्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, दोन्ही मांड्या किंवा दंड सारखेच दुखायला लागले तर रक्ताची तपासणी करून मात्रा कमी करता येते. लघवी चहासारखी गडद झाली तर थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

पोटासाठी कुंथणं टाळायचं. पपई, पालेभाजी, भिजवलेल्या काळ्या मनुका चालतील, पण मनुका मोजक्या, साखर आणि पोटॅशियम दोन्हींमुळे. इसबगोल चांगलं, पण त्याला पेलाभर पाणी लागतं. पाण्यावर बंधन घातलेलं असेल तर इसबगोलाने उलट आत गोळा होतो. तेव्हा लॅक्टुलोजचं सिरप बरं. इसबगोल घेतलंच तर बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

मनाचं एक. चिडणं, विनाकारण डोळ्यांत पाणी येणं, 'मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही' असं बोलणं हे पहिल्या काही आठवड्यांत खूप जणांना होतं. दोन आठवडे सलग उदास असतील, खाणं सोडलं असेल, गोळ्या घ्यायला नकार असेल, किंवा जगण्यात राम नाही असं म्हणत असतील तर तो आजार समजून दाखवा. त्यावर हृदयाला चालणारी औषधं आहेत, सर्ट्रालिन त्यांपैकी एक. फक्त ती लिहून देणाऱ्यांना ट्रॅमाडॉल चालू असल्याचं आठवणीने सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

थांबायचं नाही अशी लक्षणं: खोकताना किंवा वळताना छातीच्या हाडात 'कट्ट' असं हलणं, जखमेतून पू किंवा पाणी, १००.४ च्या वर ताप. दीर्घ श्वास घेताना आणि आडवं झाल्यावर टोचणारं, पुढे वाकून बसल्यावर कमी होणारं दुखणं. हे हृदयाभोवतीच्या आवरणाच्या सुजेचं असू शकतं. एका पोटरीला अचानक सूज आणि दुखणं. या सगळ्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर. ऑपरेशनच्या आधीसारखं छातीत दडपण, दम कोंडणं, शुद्ध हरपणं, नाडी वेडीवाकडी धावणं, तोंड वाकडं होणं किंवा हात लुळा पडणं, यासाठी थेट १०८.

फोन करताना चिठ्ठी, वजनाची वही, बसून-उभं राहून घेतलेला रक्तदाब आणि रात्रीची साखर समोर ठेवा. 'बाबांना बरं वाटत नाही' एवढंच सांगितलं तर 'होईल हळूहळू' एवढंच उत्तर मिळेल. असं विचारा: खोकला रामिप्रिलचा आहे का आणि ती बदलता येईल का, लघवीच्या गोळीचा दुसरा डोस चारला द्यायचा का, की आता कमीच करायची, मेटोप्रोलॉल सकाळी चालेल का, ग्लिमेपिराइड कमी करायची का, डाव्या छातीच्या आगीला काही देता का. तपासण्या म्हणून हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि छातीचा एक्स-रे करून घेऊ का, हेही विचारा. या सगळ्या तालुक्याला होतात, पुण्याला खेप पडणार नाही.

अर्जुनसालीच्या काढ्याबद्दल: पहिले तीन महिने तरी नको. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, रक्तदाबाच्या दोन आणि साखरेची एक चालू असताना काढ्याने त्यांचं काम किती वाढेल-घटेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि काही बिघडलं तर कशाने बिघडलं ते शोधणं अवघड होतं. झोपेसाठी अश्वगंधा सुचवली असेल तर तिलाही हेच लागू. नंतर घ्यायचीच असेल तर बाटली सर्जनला दाखवून घ्या.